नमुन्याचा दस्ता

काका माणसाच्या चेहऱ्याकडे बघतो तेव्हा त्याला चेहरा सोडून बाकी सगळं दिसतं. डोळ्यांतला पडदा मधोमध मेला आहे, कडा शाबूत आहेत. खिडकीबाहेरून जाणारा ट्रक त्याला कळतो, पायाशी पडलेला हातोडा कळतो; पण ज्या वस्तूवर नजर रोखावी ती नाहीशी होते आणि तिथे एक करडा डाग उरतो. हा आजार झालेली माणसं हळूहळू तिरकं बघायला शिकतात. काकाने ते शिकायचं नाकारलं. जिकडून आवाज येईल तिकडे तो सरळ नजर लावून ठेवतो, पापणी न हलवता, आणि गावातले लोक म्हणतात, वेइक्को राउतिओ समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोलतो.

डोळ्यांचं हे त्याला माहीत होतं, त्याच्या डॉक्टरला माहीत होतं आणि मला. बाकी कोणालाही नाही.

मोठ्या सरोवरात घुसलेल्या केविनॉ द्वीपकल्पाच्या आमच्या टोकाला काकाचं दुकान आहे. तो बंदुका विकत नाही, बंदुकांचे लाकडी दस्ते करतो. खारी-सशांच्या शिकारीची, पोरांना नेम शिकवायची साधी पॉइंट टू-टू रायफल लोक घेऊन येतात आणि ती जुन्या लष्करी कार्बाइनसारखी, त्या आखूड बंदुकीसारखी, करून मागतात. मूळ दस्ता काढायचा, अक्रोडाचा नवा घडवायचा, नळीवर लाकडी झाकण बसवायचं, पुढे लोखंडी कडं, मागे कार्बाइनसारखी नेम धरायची पट्टी. इथल्या बहुतेक घरांतला कोणी ना कोणी एके काळी ती कार्बाइन खांद्याला लावून दूर कुठेतरी जाऊन आलेला असतो. खरी बंदूक खोक्यातून काढायला कोणाचा जीव होत नाही. तिच्यासारखी दिसणारी घेऊन रविवारी दुपारी रिकामे डबे उडवायला मात्र सगळ्यांना आवडतं.

कॉलेजात धातूशास्त्र शिकत असताना मी काकाच्या माडीवर राहायचे, कारण घर कॉलेजला जवळ. हिल्याकाकू तोवर वारली होती. माझी पदवी झाली त्याच हिवाळ्यात काकाचे डोळे गेले, आणि मी 'जरा मदत' करायला थांबले. आता दिसणारं सगळं काम माझं होतं. बाहेरचा आकार, रंग, कड्यांची झीज, सगळं. काकाकडे एकच काम राहिलं होतं, आतली खोबण. बंदुकीचं यंत्र ज्या पोकळीत बसतं ती पटाशीने कोरायची. तिथे डोळ्यांपेक्षा बोटं लागतात, आणि त्याची बोटं अजूनही माझ्यापेक्षा चांगली होती.

उन्हाळ्यात मला दूर वाळवंटातल्या टूसॉन शहराच्या एका प्रयोगशाळेतून नोकरी आली. तुटलेल्या वस्तू का तुटल्या हे शोधायचं काम. विमानाचा बोल्ट, पुलाची सळई, कोणाच्या मांडीत बसवलेला स्क्रू. मला जगात याहून चांगलं काम माहीत नाही. त्यांनी ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत मुदत दिली होती. काकाला मी अजून काही सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी कसं? मी गेले की पुढच्याच आठवड्यात कोणीतरी एखादा तिरका कापलेला दस्ता हातात घेणार आणि गावाला कळणार. ते कळू नये म्हणूनच तर मी वर्षभर राबले होते. माझं काम जितकं चांगलं, तितका काका लोकांच्या नजरेत डोळस. आणि तो जितका डोळस, तितकी मी अडकलेली.

सप्टेंबरात आर्वो हिएताला आला. काकाचा शाळेपासूनचा दोस्त. एका हातात त्याची टू-टू, दुसऱ्या हातात लांबट खोकं. खोक्यात त्याच्या बापाची कार्बाइन होती.

"बाप गेल्यापासून पहिल्यांदाच बाहेर काढली," आर्वो म्हणाला.

"मध्ये कधी तेल घातलंस का हिला?" काकाने विचारलं.

"मी? मला जेवणात मीठ घालायची आठवण राहत नाही."

"म्हणूनच बायको पळाली."

"पळाली नाही रे, फ्लोरिडाला गेलीय. हिवाळ्यापुरती."

"किती हिवाळे झाले?"

"मोजायचं सोडलंय." आर्वो हसला. मग त्याने कार्बाइन बाकावर ठेवली आणि आवाज जरा खाली आणला. "वेइक्को, हिच्यासारखी हवी. कॅटलॉगातल्यासारखी नको. ही आत्ता आहे ना, बापाने घासून घासून केलेली, अशी. डोळे मिटून दोन्ही हातात दिल्यास तर मला कळता कामा नये."

"वजनावरून कळेल," मी म्हणाले. "यंत्र वेगळं आहे."

"वजन सोड गं. हाताला कळता कामा नये. आणि हा पण मारून द्या." त्याने दस्त्याच्या उजव्या अंगावर बोट ठेवलं.

ते बोट कुठे आहे हे काकाला दिसलं नव्हतं. अशा वेळी मी दिसणारी गोष्ट शब्दांत बोलून टाकायचे. ती आमची कामाची रीत होती. "शिक्का म्हणताय का, आर्वोकाका? दोन तोफांचा?"

"तोच. नखाएवढा तर आहे."

"शिक्का नाही," काका म्हणाला.

"अरे, गंमत म्हणून—"

"सरकारच्या तपासनिसाने लाकूड हातात घेतलं, पसंत केलं आणि शिक्का मारला. माझं लाकूड त्याने पाहिलंय का? या दुकानातून असला शिक्का मारून आजवर काही बाहेर गेलं नाही. तिथे तुझं नाव कोरून देतो हवं तर."

"माझं नाव माझ्या लक्षात आहे," आर्वो म्हणाला, आणि दोघेही कॉफी प्यायला बसले.

मी खऱ्या कार्बाइनचं सगळं लोखंड उतरवलं, म्हणजे दस्ता नमुना म्हणून हाताळता येईल. उघडं लाकूड बघायला मला नेहमीच आवडतं. या दस्त्यात मागे एक लांबट भोक असतं. खांद्याचा पट्टा त्यातून घ्यायचा आणि तेलाची छोटी नळकांडी आडवी घालून अडकवायचा. तेल ठेवायची जागा आणि पट्ट्याची खुंटी एकच. ज्याला हे पहिल्यांदा सुचलं त्याला भेटून मी पुष्कळ प्रश्न विचारले असते. बापाचा गाल जिथे टेकायचा तिथे लाकूड चकचकीत झालं होतं. खालच्या कडेला एक पोचा होता, बहुधा ट्रकच्या दाराचा. शिक्का इतका झिजला होता की उजेड तिरका पडला तरच दोन तोफा दिसायच्या, बोटाला लागायच्या नाहीत.

मी त्या दस्त्याची मापं जागोजाग घेतली आणि नवा घडवला. पोचासुद्धा पाडला. गंजलेले खिळे व्हिनेगरमध्ये ठेवले की जे काळपट पाणी होतं ते अक्रोडाला लावलं तर लाकडातल्या तुरट द्रव्याशी त्याची क्रिया होते आणि लाकूड बघता बघता म्हातारं दिसतं. वरून जवसाचं तेल, पातळ, पुन्हा पुन्हा. कार्बाइनच्या यंत्रामागे एक लोखंडी पट्टी असते, तिचा स्क्रू दस्त्यात खालून वर जातो. टू-टूला त्या स्क्रूची गरज नाही. पण भोक खालून दिसतं म्हणून मी तेही पाडलं. खोबणीची वरची कड हुबेहूब यावी म्हणून आधी जुन्याच मापाची अरुंद खोबण कापायच्या मशीनवर काढली. ती रुंद करून त्यात टू-टूचं यंत्र बसवायचं तेवढं काकाचं राहिलं.

"झालं का?" काका रोज विचारायचा आणि नव्या दस्त्यावरून तळवा फिरवायचा. एकदा म्हणाला, "हिल्या असती तर म्हणाली असती, पोरगी माझ्यापेक्षा बारीक शिवते." मला बरं वाटलं. बरं वाटलं की टूसॉनचं बोलणं आणखी एक दिवस पुढे जायचं.

ज्या दिवशी खोबण कोरायची होती त्या दिवशी प्रयोगशाळेच्या बाईंचा निरोप आला की बोलायचंय. दुकानात फोन नीट लागत नाही. मी दोन्ही दस्ते बाकावर ठेवले, नेहमीप्रमाणे जुना डावीकडे, नवा उजवीकडे, काकाला तसं सांगितलं आणि गाडी घेऊन सरोवराच्या काठी गेले. तिथे टेकाडावर फोन लागतो.

"तुमची अडचण काय आहे?" बाईंनी सरळ विचारलं. "पगार? घर?"

"घरची आहे," मी म्हणाले.

"किती दिवस लागतील सुटायला?"

समोर पाणी शिशाच्या रंगाचं झालं होतं. मी म्हणाले, महिनाअखेरीस नक्की कळवते. हे मी त्यांना आधीही सांगितलं होतं.

परत आले तेव्हा काका पटाशी चालवत होता. "छान निघतंय," माझ्या पावलांचा आवाज ऐकून म्हणाला. "चांगलं मुरलेलं लाकूड आणलंयस या खेपेला."

मी खाली बघितलं. ताज्या अक्रोडाचे छिलके आतून फिके, जरा जांभळट निघतात आणि गोल वळतात. हे छिलके आरपार काळे होते, आणि वळत नव्हते, मोडत होते. एक उचलून नाकाशी नेला. जुनं तेल.

"काका, थांब."

"थोडंच राहिलंय."

"काका, पटाशी खाली ठेव."

त्याने ठेवली. मी दस्ता खिडकीकडे वळवला, उजेड तिरका घेतला. दोन तोफा होत्या.

मी तो परत त्याच्यासमोर बाकावर ठेवला. त्याचा हात दस्त्याच्या उजव्या अंगावर गेला, अंगठा वरखाली फिरला. "कुठे आहे?" त्याने विचारलं. मी अंगठा धरून जागेवर ठेवला. त्याला अर्थातच काही लागलं नाही.

"भुसा फार साचला होता," तो म्हणाला. "दोन्ही उचलले, बाक झटकला, परत ठेवले. बरोबर ठेवले असं वाटलं. शंका आली होती, मागचं स्क्रूचं भोक हाताला लागलं तेव्हा. मग म्हटलं, ते तूच पाडलं असशील. तू सगळंच पाडतेस."

"पाडलंय," मी म्हणाले. "नव्यालाही आहे."

"हं."

खोबणीच्या दोन्ही भिंती गेल्या होत्या. कार्बाइनचं यंत्र आता त्यात खुळखुळलं असतं. काका स्टुलावर बसला. वर्षभरात पहिल्यांदाच तो कुठेच बघत नव्हता.

"मला हाक मारायची," मी म्हणाले. "मी येईपर्यंत थांबायचं."

"तेवढंच एक काम माझं होतं, काइसा. त्यासाठीही थांबायचं?"

मी काळे छिलके गोळा करायला लागले.

"अदलाबदल करू," तो म्हणाला. "नवा दस्ता बापाच्या बंदुकीला. त्यात जुन्या मापाची खोबण तू काढलीच आहेस, थोडी साफ केली की यंत्र बसेल. हा टू-टूला. दोन्ही वस्तू त्याच्याच घरात राहणार. गेलं काहीच नाही."

"आणि शिक्का?"

"इथला घासायचा. तिथे मारायचा." तो थांबला. "पोलादाचं तू शिकलीयस. ठसा करशील."

"काका, तूच म्हणालास—"

"मी काय म्हणालो ते मला माहीत आहे."

मी का सुरुवात केली ते मला नीट सांगता येणार नाही. त्याचा आवाज तसा होता, एवढंच. पोलादाचा तुकडा तापवून मऊ केला, व्हाइसमध्ये धरला, भिंग लावलं आणि सुईएवढ्या कानशीने तोफा उलट्या कोरायला लागले. पहिली तोफ इतकी सुबक उतरली की मला खरोखर आनंद झाला, आणि लगेच पुढचं दिसलं. हा ठसा जमला की काम संपणार नव्हतं. पुढच्या चुकीला पुढचा ठसा लागणार होता. काका चुकत जाणार, मी त्या चुका दिसेनाशा करत जाणार, आणि ते काम मला फार चांगलं जमणार. कानस माझ्या हातात तशीच राहिली. दुकानात स्टोव्ह पेटलेला नव्हता, तरी मी खिडकी उघडली.

"जमत नाहीये?" काकाने विचारलं.

"जमतंय. म्हणून थांबले." मी तुकडा व्हाइसमधून काढला. "उद्या आर्वोकाका येतोय. मी त्याला सांगणार आहे."

"लाकडाचं?"

"लाकडाचं. आणि डोळ्यांचं."

तेव्हा टूसॉनचंही बोलायला हवं होतं. शब्द अगदी ओठावर होते. पण एका दुपारी माणसाकडून किती काढून घ्यायचं? मी असा विचार केला, की गुपित फुटलं की दुकान बंद होईल. दुकान बंद झालं की मला जायचं कारण सांगावंच लागणार नाही. जाणं आपोआप होईल. या विचारातलं भ्याडपण मला दिसत होतं, पण हिशेब बरोबर वाटत होता.

सकाळी काका धुतलेला शर्ट घालून खाली आला आणि बाकावर हात टेकवून उभा राहिला. आर्वो आत शिरताच ओरडला, "काय रे, जन्मली का माझी जुळी?" त्याने दोन्ही दस्ते बाकावर पाहिले, आणि आम्ही तोंड उघडायच्या आत डोळे घट्ट मिटून हात पुढे केले. "दे, पोरी. दोन्ही दे."

मी दिले. तो लहान मुलासारखा दोन्ही चाचपत राहिला. गाल लावून बघितला, पोचा शोधला, दोन्हीकडे पोचा सापडल्यावर मोठ्याने हसला. "नाही कळत! वेइक्को, सैताना, खरंच नाही कळत!"

त्या क्षणी गप्प राहणं फार सोपं होतं. "डाव्या हातातला तुमच्या वडिलांचा," मी म्हणाले. "आतून बघा, आर्वोकाका."

त्याने डोळे उघडले. खोबणीत बोट घातलं, एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, नुसतं थंड झालं होतं. "हे कोणी केलं?"

"मी," काका म्हणाला.

"का?"

"काकाला दिसत नाही," मी म्हणाले. "गेल्या वर्षापासून. समोरचं काहीच दिसत नाही."

आर्वोने काकाच्या चेहऱ्यासमोर हात वर केला आणि सावकाश इकडून तिकडे हलवला.

"हात नको हलवूस," काका म्हणाला. "कडेने दिसतं मला. मूर्ख दिसतोयस."

आर्वो दस्ता घेऊन बाहेर गेला, ट्रकमध्ये बसला आणि दार लावून घेतलं.

"गेला का?" काकाने विचारलं.

"नाही. बसलाय."

"काय करतोय?"

"दस्ता मांडीवर घेऊन बसलाय."

"शिव्या देतोय का?"

"तोंड हलतंय."

"मग ठीक आहे," काका म्हणाला, पण त्याची बोटं बाकाच्या कडेला पांढरी पडली होती.

आर्वो परत आला तेव्हा त्याचे कान लाल होते. काकाकडे न बघता त्याने मला विचारलं, "मग यंदा वसंतात मॅटीची केली ती कोणी? आणि लेम्पीच्या नवऱ्याची?"

"मी. आतली खोबण काकाची."

"आणि बापाचा हा परत कार्बाइनला बसेल का?"

"बसेल," मी म्हणाले. माझ्या डोक्यात तो प्रश्न आधीच सुटलेला होता, आणि उत्तर माहीत असलं की मला गप्प राहता येत नाही. "जुन्या अक्रोडाचे तुकडे भिंतींना चिकटवायचे, सरस पुरा वाळू द्यायचा, मग पहिल्या मापाने पुन्हा कोरायचं. बाहेरून कळणार नाही. यंत्र काढलं तर सांधे दिसतील."

"दिसू देत. लपवू नकोस." त्याने दस्ता माझ्या हातात ठेवला, जड हाताने. मग माझ्याकडे असं बघितलं जसं लोक इतकी वर्षं काकाकडे बघायचे. "तू कर. सावकाश कर. तू काय, इथेच आहेस."

मी काकाकडे पाहिलं, काका आवाजाच्या दिशेने बघत होता. मी दस्ता बाकावर ठेवला.

रविवारी चर्चच्या तळघरात प्रार्थनेनंतरची कॉफी होती. सगळ्यांना कळलेलं होतं. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि वाट बघितली की कोणीतरी म्हणेल, आमची रायफल परत तपासून द्या, किंवा, वर्षभर फसवलंत. कोणी म्हणालं नाही. लेम्पीने वेलदोड्याच्या पावाचं ताट खाली ठेवून माझे दोन्ही हात धरले.

"देवाचीच कृपा, तू आहेस! नाहीतर याचं काय झालं असतं?" मग काकाकडे वळली. "आणि तू! मी वर्षभर केस रंगवून तुझ्यासमोर मिरवले, ते सगळं वाया?"

काकाने मान कलती केली, नजर छताच्या कोपऱ्याकडे लावली आणि डोळ्याच्या कडेने तिला न्याहाळलं. सगळ्यांच्या देखत. "निळे का रंगवलेस?" त्याने विचारलं.

"तपकिरी आहेत, आंधळ्या!"

तळघरभर हशा झाला. काका सगळ्यात मोठ्याने हसला. तो टेबलाटेबलांवरून तिरकी मान करून एकेकाला बघत निघाला, परगावाहून बऱ्याच दिवसांनी घरी आलेल्या माणसासारखा. ज्याने सुटायचं तो सुटला होता. मॅटीने मला त्याच्या भावाची बंदूक केव्हा आणू असं विचारलं. कोणीतरी म्हणालं की चर्चशेजारचं घर रिकामंच आहे, मुलीला माडीवर किती दिवस ठेवणार. कोणीतरी त्या घराला ऊब द्यायची भट्टी नवी बसवलीय असं सांगितलं. प्रत्येक वाक्य प्रेमाचं होतं. माझ्या हातातली कॉफी निवून गेली.

माझं गृहीतकच चुकलं होतं. गावाला काकाचे डोळे नको होते, दस्ते हवे होते. आणि ते कोण करतं हे गावाला मीच सांगितलं होतं. गुपित होतं तोवर माझ्या नावावर काही नव्हतं. आता सगळं माझ्या नावावर झालं होतं.

त्याच आठवड्यात आर्वो शिडी आणि एक फळी घेऊन आला. फळीवर त्याने स्वतः अक्षरं कोरली होती, जाड आणि जरा वेडीवाकडी: राउतिओ आणि पुतणी. त्याने ती दारावर स्क्रूने पक्की बसवली. मी खालून स्क्रू देत होते. नाही म्हणायला मला जागाच सापडेना. शिडीवरच्या माणसाला, ज्याच्या बापाचा दस्ता आपण कापला, त्याला काय म्हणणार? "आता बर्फ पडलं तरी लांबून दिसेल," खाली उतरून तो म्हणाला आणि मांस-बटाटा भरून भाजलेल्या पास्टीची पिशवी माझ्या हातात देऊन गेला.

काका अंगणात मान कलती करून फळीकडे बघत होता. "सरळ लागलीय का?"

"डावीकडे थोडी कललीय."

"आर्वोची शिडीच तशी आहे."

महिना संपत आला होता. पिशवी गरम होती. मला वाटलं, आत्ता नाही बोलले तर ही पास्टी खाईन, मग दस्ता चिकटवायला घेईन, मग मॅटीचा भाऊ येईल.

"काका, मला टूसॉनला नोकरी मिळालीय. मी जाणार आहे."

तो फळीकडेच बघत राहिला. "कधी मिळाली?"

"उन्हाळ्यात."

"तू सरोवरावर फोन करायला जायचीस, ते यासाठी?"

"हो."

"मला वाटलं, कोणी मुलगा आहे." तो थोडं थांबला. "मुलगा असता तर बरं होतं. त्याला इथे आणता आलं असतं."

"काका."

"ऐकलं मी. डोळे गेलेत, कान नाही." त्याने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं. "बर्फाच्या आधी की नंतर?"

"आधी. आर्वोकाकाचा दस्ता पुरा करून जाईन. मॅटीच्या भावाचा नाही."

"मी एकट्याने दुकान चालवू शकणार नाही. खोबण कोरेन, बाहेरून कोण करणार?"

"माहीत नाही," मी म्हणाले. हे वाक्य मी वर्षभर टाळलं होतं. त्याला सांगण्यासारखं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं. "मला माहीत नाही, काका. तरी मी जाणार आहे."

तो शिडीच्या जागेवरून चालत दाराशी गेला, चाचपत नाही, बोटं नुसती भिंतीला लावून. हात वर करून फळीची खालची कड धरली.

"ही काढायला सांगू का त्याला?" मी विचारलं.

"कशाला? मेहनत घेतलीय त्याने. राहू दे."

"लोक विचारतील. पुतणी कुठे आहे म्हणून."

"विचारतील."

"दर वेळी विचारतील, काका."

"मग दर वेळी सांगेन." तो आत गेला आणि आतून म्हणाला, "पास्टी निवतेय."

मी पिशवी बाकावर ठेवली, गाडी काढली आणि सरोवराच्या टेकाडावर जाऊन फोन लावला. येते म्हणाले. बाई म्हणाल्या, छान, आणि आवाजात हायसं वाटल्याचं ऐकू आलं. मग मी लगेच परत फिरले, कारण सरस वाळायला वेळ लागतो आणि हवा गार व्हायला लागली होती. दुकानाच्या वळणावर ती फळी लांबूनच दिसली. आर्वो खरं बोलला होता. ती पार रस्त्यावरून वाचता येत होती.